पहिला पीस नापास, मशीन बंद

पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीनवर होते. मी उस्मानपुऱ्यातल्या घरात लॅपटॉप मांडून सूचना लिहिते, त्याही माणसांसाठी नाही, एआय एजंटसाठी. एजंट म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण उरकणारा प्रोग्राम. आमच्या कंपनीनं अशा एजंटांसाठी एक टूल केलं होतं. एजंटच्या मालकाच्या खात्यातलं क्रिप्टो चलन काढायचं आणि दिलेल्या पत्त्यावर पाठवायचं, एवढंच त्याचं काम. ते कसं वापरायचं हे लिहून काढायची जबाबदारी माझ्यावर आली. मी तेव्हा तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर होते. सोमवारी गिऱ्हाइकासमोर एजंट माझं लिखाण वाचून खरे पैसे पाठवणार, आणि सगळं सुरळीत झालं तरच माझी नोकरी पक्की, असं साहेबांनी गोड आवाजात सांगितलं होतं.

यातली मेख अशी की क्रिप्टो वेगवेगळ्या नेटवर्कवरून जातं. पत्ता बरोबर असला तरी नेटवर्क चुकलं की पैसे गेले ते गेलेच. भांडायला मी कमी पडले नसते, पण भांडायला समोर बँकेची खिडकीसुद्धा नसते.

माझी एक सवय आहे. इंग्रजीत लिहिलेलं मी कुणाला तरी मराठीत सांगून बघते. जिथं अडखळते, तिथं लिखाण कच्चं. त्या शनिवारी सकाळी पप्पा लसूण सोलत बसले होते, तेच तावडीत सापडले.

"मग पत्ता आणि नेटवर्क तपासून घ्यायचं," मी एक पायरी सांगितली.

"कशानं?"

"कशानं म्हणजे?"

"तपासायचं कशानं? गेज कोणतं?"

गेज म्हणजे कारखान्यात माप जुळतंय का हे दाखवणारं साधन. मी म्हटलं, "पप्पा, वाचणाऱ्याला कळतं तेवढं."

"माणसाला कळतं गं. तू तर म्हणती, वाचणारं माणूसच नाय."

मला राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणूनच जास्त आला. "हे लेथ नाहीये, पप्पा," मी फटकारलं. त्यांनी आणखी दोन पाकळ्या सोलल्या.

"आन् पहिला पीस कुठंय?"

मशीन लावली की आधी एकच पीस काढायचा, मापून घ्यायचा, पास झाला तरच पुढचा लॉट. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पुढचं मात्र त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

"मी नवा होतो तव्हा पहिला पीस फेल गेला. मी मशीन थांबिवली. सुपरवायझर चारचौघांत लई बोलला. म्हणला, थांब असं कागदावर कुठं लिवलंय? नव्हतंच लिवलं. दुसऱ्या दिवशी बी पीस फेल गेला, पण म्या थांबिवली नाय. सगळा लॉट भंगारात. मग एका जुन्या कामगारानं माझ्या मशीनवर खडूनं लिवलं, पहिला पीस नापास, मशीन बंद. त्यानंतर मला कुणी बोललं नाय."

मी ती पायरी खोडली आणि दिवसभर बसून नव्यानं लिहिलं. पैसे घेणाऱ्यानं दिलेल्या नेटवर्कच्या यादीशी आपलं नेटवर्क अक्षर न् अक्षर जुळवा. आधी चालेल तेवढी सगळ्यात लहान रक्कम पाठवा. ती पोचल्याचं दिसेपर्यंत दुसरी पाठवू नका. ठरल्या वेळात पोचली नाही तर थांबा, मालकाला विचारा. आणि शेवटी एक ओळ: थांबणं ही चूक धरली जाणार नाही.

सोमवारी एजंटनं नेटवर्क यादीशी जुळवलं, लहान रक्कम पाठवली आणि वाट बघितली. रक्कम पोचली नाही. पडद्यावर त्यानं लिहिलं की पहिली रक्कम मिळालेली दिसत नाही, म्हणून पुढची पाठवत नाही, काय करायचं ते सांगा. मला वाटलं, संपलं आपलं. मग गिऱ्हाइकाच्या माणसांपैकी एकानं यादी पुन्हा उघडून बघितली. त्यांनी दिलेली यादीच जुनी होती. त्या नेटवर्कवर त्यांनी पैसे घेणं कधीच बंद केलं होतं. गेली ती चिमूटभर रक्कम, बाकी सगळी जागच्या जागी राहिली. संध्याकाळी नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं.

आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही, मानले तर पप्पा लाजतील. म्हणून मी चहा टाकला, त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. खडूनं लिहिणारा तो माणूस कोण होता, मला माहीत नाही. पप्पांइतकीच मी त्याचीही ऋणी आहे.

चहा तसाच ठेवून पप्पा ऐकत होते. नोकरीचं त्यांनी नंतर विचारलं.

"थांबलं म्हणून त्याला कुणी बोललं तर नाय ना?"

"नाही. उलट साहेबांनी शाबासकी दिली."

"कुणीच नाय?"

"कुणीच नाय, पप्पा."