गरम पायावरची मालिश

घोड्यांची मालिश करतो म्हटलं की लोक हसतात. घरच्या म्हाताऱ्यांचे पाय कोणी दाबत नाही, आणि तू घोडीचे दाबतोस? हसू देत. मुंबईत रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात पाच वर्षं घासून शिकलोय. तिथल्या उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तेलाची बाटली नंतर, आधी पायावर उलटा हात ठेव. पाय गरम लागला तर आत इजा असते, चोळायचं नाही. गार पाणी आणि आराम, बस.

हे मला पाठ होतं. माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नाही, म्हणून जास्तच लाज वाटते.

भिवंडीत वरातीची घोडी ठेवणारे एक काका आहेत. त्यांच्या पांढऱ्या घोडीला मी दर आठवड्याला मालिश करायचो. मामेभावाच्या लग्नात तीच घोडी ठरवून दिली आणि मामांसमोर छाती फुगवून म्हटलं, "माझ्या हाताखालची हाय, बघाच तुम्ही."

वरातीच्या दिवशी दुपारी गेलो, तर ती पुढचा डावा पाय जपून जपून टेकवत होती. उलटा हात ठेवला. पाय गरम होता. काकांनी विचारलं, "निघंल ना रं बाला? न्हायतर शेजाऱ्याची मागवतो."

शेजाऱ्याची घोडी आली असती तर मामांसमोर माझं नाक कापलं गेलं असतं. एवढंच. मी म्हणालो, "नस धरलीय नुसती. निघंल."

आणि चोळलं. चांगलं अर्धा तास, कडक बाम लावून, वरून पट्टी आवळून. पाय बधिर झाला तशी ती सरळ चालायला लागली. "तुझ्या हाताला गुण हाय," काका म्हणाले. मला तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

बेंजोच्या तालावर ती दोन तास नाचली. मामा माझ्या पाठीवर थापा मारत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तीन पायांवर उभी होती. डॉक्टर म्हणाले, पायाचा स्नायुबंध फाटलाय, आता ही वरातीला कधीच जायची नाही. काकू मीठमिरच्या घेऊन तिची दृष्ट काढत होत्या.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी काकांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. ते बराच वेळ घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "कुणाला बोलू नको. दृष्ट लागली म्हणून सांगू. तुझं नाव खराब झालं तर कोण बोलवंल तुला?"

मी मान डोलावली. आजही कुणी त्या घोडीचं विचारलं, की काका माझ्यादेखत दृष्ट लागल्याचं सांगतात, आणि मी शेजारी उभा राहून हो म्हणतो.