चहाच्या ग्लासातली रेघ

आज सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि माझ्या स्टीलच्या ग्लासात, चहावर, ती झळझळीत वाकडी रेघ उमटली. दोन कमानी आणि मध्ये एक टोक.

फॅक्टरीच्या क्वार्टरमधली ती गॅलरी आठवली. तिथं मी मुलगी पाहायला गेलो होतो. मोठी माणसं आत बसली होती आणि आम्हा दोघांना बोलायला बाहेर पाठवलं होतं. सुनंदा काही बोलेना, म्हणून मी हातातल्या ग्लासात चहावर उमटलेल्या अशाच रेघेकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय असतं हो?"

ती एकदम खुलली. "उन्हाचे किरण ग्लासच्या कडेला आपटून वळतात. मग जिथं त्यांची दाटी होते, तिथं ही रेघ दिसते. ग्लास फिरवून पाहा, ती जागची हलत नाही."

खरंच हलली नाही.

मग दाराकडे पाहत ती हळूच म्हणाली, "मला एम.एस्सी. करायचंय. घरी कोणी ऐकूनच नाही राहिलं. तुम्हीच नाही म्हणा ना, प्लीज."

इतकी हुशार मुलगी मला पुन्हा भेटली नसती. लग्नानंतर शिकवू, असं मनाला समजावत मी आत जाऊन होकार दिला. पेढा देताना तिनं वर पाहिलं नाही. शिकणं राहूनच गेलं.

आज केस पिकलेली सुनंदा समोर मेथी निवडत होती. मी ग्लास तिच्याकडे सरकवला. "आठवतं?"

तिनं बोटांनी ग्लास सावकाश पूर्ण फिरवला. रेघ होती तिथंच राहिली.

"चहा थंडा होऊन राहिला," ती म्हणाली, "प्या लवकर."