ओळख न देणाऱ्या कुसुम सिस्टर

कुसुम सिस्टर रस्त्यात भेटल्या तर ओळख देत नसत. समोरून येत असल्या की त्यांची नजर आपल्या डोक्यावरून मागच्या दुकानाच्या पाटीवर जायची आणि ती पाटी आयुष्यात पहिल्यांदाच वाचत असल्यासारख्या त्या पुढे निघून जायच्या. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली तरी मागे जाऊन बसायच्या. दवाखान्यात जी बाई आपल्या पोराला मांडीवर घेते ती बाजारात मान फिरवते, याचं काही आयांना फार वाईट वाटायचं. धुळ्यात त्यांना गर्विष्ठ म्हणणारे पुष्कळ होते.

त्यांचं काम काय होतं ते आता सांगायला हवं, आणि इथेच माझं पेन अडतं. ज्या मुलांना लघवी धरवत नाही, ज्यांची शी कपड्यांत होते किंवा होतच नाही, अशा मुलांसाठी धुळ्यातल्या मुलांच्या एका दवाखान्यात एक वेगळी खोली होती. डॉक्टर तपासायचे, औषध ठरवायचे आणि म्हणायचे, "आता सिस्टरांकडे बसा." तिथून पुढे ते मूल सिस्टरांचं. या कामाचं खास शिक्षण त्या मुंबईला जाऊन घेऊन आल्या होत्या, पण मूळच्या पिंपळनेरच्या, त्यामुळे बोलणं अहिराणी. "मी हागनदारीनी मास्तरीन शे," असं त्या स्वतःच सांगायच्या आणि खोलीतली माणसं हसू की नको अशी बसायची.

त्या खोलीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुसरीत होते. आम्ही सावद्याचे, आबांचा म्हणजे माझ्या आजोबांचा केळीचा व्यापार. माझी चड्डी सारखी खराब व्हायची आणि झालेली मला कळायची नाही. वास आला की कळायचं, आणि तोवर तो शेजारच्या मुलीला आलेला असायचा. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसेनासं झालं. मुलं काही बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. ती नुसती सरकून बसायची. माझ्या दप्तरात पुस्तकांखाली आई कपड्यांचा एक जोड ठेवायची, आणि दप्तर उघडताना मी त्यावर वाकून बसायचे.

सावद्याहून जळगाव जवळ. पण जळगावात आमचे नातेवाईक गल्लोगल्ली, म्हणून आम्ही जळगाव ओलांडून थेट धुळ्याला जायचो. कुणी विचारलंच तर आई सांगायची, "एरंडोलले चाललो, पद्मालयच्या गणपतीले. पोरीचा नवस हाये." खोटं उघडं पडू नये म्हणून येताना आम्ही एरंडोलला उतरून पेढे घ्यायचो. देवळाचा रस्ता मात्र एकदाही धरला नाही. गल्लीत माझं नाव मोठी भाविक पोर म्हणून झालं. शेजारच्या काकू तो पेढा कपाळाला लावून मग खायच्या, आणि तेवढा वेळ आई अंगणातल्या तुळशीकडे बघत राहायची.

पहिल्या दिवशी मी फ्रॉक मुठीत धरून, हनुवटी छातीला टेकवून उभी होते. सिस्टर खुर्चीवरून उठल्या आणि सरळ फरशीवर बसल्या. माझं तोंड त्यांना खालून बघायचं होतं.

"चोरी करी का तू?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग मुंडी खाले कसाले?"

मी फ्रॉक आणखी घट्ट धरला. त्या आईकडे वळल्या आणि मी काय खाते ते विचारू लागल्या. आईला वाटलं, आता आपली शाबासकी. "जुलाब थांबतच नाही, सिस्टर. पानी कमी केलं, दूध बंद केलं. सकाळ-संध्याकाळ कच्च्या केळ्याची भाजी देते, उकडून, जिरं घालून. केळी घरचीच हाये." आमच्याकडे पोट सुटलं की कच्चं केळं, यात कुणाला शंकाच नसते. सिस्टरांनी माझं पोट हलक्या हाताने चाचपलं. मग माझाच हात घेऊन बेंबीच्या डावीकडे खाली ठेवला. आत काहीतरी टणक होतं.

"हाई काय शे, सांग."

"माहीत नाही."

"हाई तुनी शी शे. बठ्ठी आठेच बशी ऱ्हायनी." माझी सगळी शी तिथेच साचून बसली होती.

हा बायकांचा विषय म्हणून सोबत आलेले आबा दाराशी पाठ करून बसले होते. सिस्टरांनी त्यांनाच हाक मारली. "आबा, घाटात तुमचा केळीचा ट्रक आडवा झाला तर काय होतं?"

"रस्ता बंद पडतो," आबा पाठमोरेच म्हणाले.

"आणि मोटरसायकली?"

"त्या निघतात बाजूबाजूने."

"तेच. नातीच्या पोटात ट्रक आडवा शे. बाजूने निसटतं ते तुम्ही बघता अन् जुलाब म्हणता. वरून त्याच रस्त्यावर अजून कच्ची केळी धाडता."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.  मग म्हणाले, "साऱ्या मुलखाले पिकलेली खाऊ घातली, अन् घरात कच्ची चारली." आईचे डोळे भरले. सिस्टर तिला म्हणाल्या, "अक्का, बठ्ठ्या मायबाया हाईच करतस. रडानं काम नही." त्या दिवसानंतर आमच्या घरात कच्च्या केळ्याची भाजी झालेली मला आठवत नाही.

पुढचे दोन-तीन दिवस दवाखान्यात काय काय झालं ते मी लिहिणार नाही. सिस्टर जे करायच्या ते आधी सांगायच्या आणि मी हो म्हटल्याशिवाय हात लावायच्या नाहीत, एवढं लिहिते. मग घरचा नेम सुरू झाला. पाण्यात कालवून औषधाची पूड, भरपूर पाणी, आणि जेवण झालं की संडासात जाऊन बसायचं आणि फुगा फुगवायचा. फुगवताना पोटाला आपोआप जोर लागतो, कुंथावं लागत नाही. आई बाजारातून फुग्यांची पाकिटं आणू लागली तसं काकूंनी विचारलं, रोज कुणाचा वाढदिवस असतो गं तुमच्याकडे? अजूनही कुणाच्या वाढदिवसाला माझ्या हातात फुगा दिला तर मी तो दुसऱ्याकडे सरकवते.

त्यांच्या खोलीत 'घाण' हा शब्द चालत नसे. एकदा आई म्हणाली, "काल परत घाण केली हिने." सिस्टरांनी तिला मध्येच थांबवलं. "घान नही म्हनानं. शी म्हना. शी बठ्ठास्ले येस. राजालेबी येस, तो फक्त सांगत नही." ताणलेलं पोट मूळ मापावर यायला वेळ लागतो, असं त्या दर वेळी सांगायच्या. महिनाभर सगळं ठीक चालायचं आणि मग एक दिवस परत वर्गात तो वास. त्या दिवशी मी घरी येऊन पलंगाखाली शिरायचे.

पहिल्या भेटीत निघताना आईने त्यांचे हात धरले होते. "कोनाले सांगू नका, सिस्टर. पोरीची जात हाये."

"ह्या खोलीना बाहेर मी तुमले वळखत नही," त्या म्हणाल्या.

बोलायची रीत म्हणून बोलल्या असतील, असं मला वाटलं. पुढच्या खेपेला परतताना धुळ्याच्या स्टँडवर त्या दिसल्या तशी मी आईचा हात सोडून "सिस्टर, सिस्टर" करत धावले. त्यांनी माझ्या डोक्यावरून बसची पाटी वाचली आणि निघून गेल्या. एरंडोल येईपर्यंत मी रडत होते. आई मात्र त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी सैल होऊन बसली होती. "शहानी बाई हाये," एवढंच म्हणाली.

माझं पोट मुळात अडलं कशाने, ते त्यांनी माझ्याकडून हळूहळू काढून घेतलं. शाळेत कुठे जातेस? कुठेच नाही. का? कडी नाही. आमच्या शाळेतल्या मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती, पाणीही नसायचं, म्हणून मी सकाळपासून घरी येईपर्यंत दाबून धरायचे. सिस्टर आईला म्हणाल्या, मुख्याध्यापक बाईंशी बोला. आईचा चेहरा उतरला. "कशी बोलू? मंग त्याइले कळंलच ना." सिस्टरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

तिसरीत असताना एके दिवशी मोठ्या बाई वर्गात आल्या, आणि त्यांच्यामागे साध्या साडीतल्या कुसुम सिस्टर. "या तुम्हाला आरोग्याविषयी सांगणार आहेत," बाई म्हणाल्या.  आता या माझ्याकडे बघून हसणार, कशी आहेस विचारणार, आणि मग सगळ्या वर्गाला सगळं समजणार. मी बाकावर एकटीच होते, कुणाच्या मागे लपायचीही सोय नव्हती.

त्यांनी फळ्यावर मोठं पोट काढलं, त्यात वळणावळणाची आतडी काढली आणि शी या विषयावर अख्खा तास बोलल्या. मुलं बाकांवर पडून हसली. त्यांनी हसू दिलं. "झालं हसून? आता सांगा, आज सकाळी कुणाकुणाला झाली?" हळूहळू हात वर झाले. मग त्या एकेका मुलीला उभं करून शाळेत कुठे जातेस म्हणून विचारू लागल्या. कुणीच कुठे जात नव्हतं. फिरत फिरत त्या माझ्यापाशी आल्या.

"तुझं नाव काय, बाळ?"

"प्राची."

"तू जातेस का शाळेत?"

"नाही."

"का?"

"कडी नाही."

मागून दोघीतिघी म्हणाल्या, हो बाई, कडी नाहीच आहे. सिस्टर पुढच्या बाकाकडे वळल्या. माझं पोट ज्यांनी कितीदा चाचपलं होतं त्यांच्या डोळ्यांत ओळखीची एक रेघही नव्हती. आठवड्याच्या आत कडी बसली, बादली आली. पुढे कळलं, सिस्टर रजा काढून बसने आल्या होत्या. आमच्याच शाळेत गेल्या तर लोक विचारतील की हीच शाळा का, म्हणून सावद्यातल्या सगळ्या शाळा त्यांनी पालथ्या घातल्या. आई खोटं लपवायला पेढे घ्यायची, आणि सिस्टरांनी तेवढ्याचसाठी गावभर फळ्यांवर आतडी काढली.

चौथी संपताना मी बरी झाले. बाक भरायला त्याहून थोडा जास्त वेळ लागला. माझ्या लग्नाची पत्रिका मी त्यांना पाठवली होती, पण त्या येतील असं वाटलं नव्हतं. अक्षता पडताना त्या मला मागच्या रांगेत दिसल्या. आमची नजरानजर झाली तशी त्या मांडवाची झालर बघू लागल्या. सासूबाईंनी आईला विचारलं, त्या बाई तुमच्याकडच्या का? आई म्हणाली, "आम्हाले वाटलं, तुमच्याकडच्या."

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. शेवटच्या आजारापर्यंत काम करत होत्या. त्यांच्या गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीला, मी आणि आई धुळ्याला गेलो. गाडी माझ्या नवऱ्याने, सागरने चालवली. लहानपणी मी आजारी असायचे आणि या सिस्टरांनी मला बरं केलं, इतकंच मी त्याला सांगितलं होतं. दारातला मांडव अपुरा पडला होता, शेजाऱ्यांकडून खुर्च्या येत होत्या. सिस्टरांचा मुलगा गोंधळून गेला होता. कुणाला विचारावं, तुमची आईशी ओळख कशी, तर माणसं म्हणत, अशीच होती. आईला विचारलं तर ती म्हणाली, "पद्मालयले भेट व्हायची."

"आई तर कधी पद्मालयला गेलीच नाही," तो म्हणाला. आई पदराचं टोक चाळवत राहिली.

मग सिस्टरांचे दीर बोलायला उभे राहिले. वहिनी कामाला चोख होत्या, म्हणाले. मुलं एकटीने वाढवली. "पन आते गयेल मानूसबद्दल खोटं कसाले बोलू? मानूसपन थोडं कमी. रस्तामा भेटन्या तरी वळख नही. आपला सोताना तोरामा ऱ्हायन्या. आज हाई गर्दी देखीसन माले नवल वाटस."

मांडवात बसलेल्या सगळ्यांनी खाली बघितलं. माझ्या पुढच्या रांगेत एक आडदांड माणूस होता, शेजारी एक कॉलेजातली मुलगी, पलीकडे कुणी आजोबा नातवाला घेऊन. सगळ्यांच्या माना खाली. ती मान मला चांगली ओळखीची होती. ज्या बाईने आमची लाज झाकायला स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेतला, तिच्या दारात बसूनही आम्ही ती लाजच सांभाळत होतो.

मी उठले. आईने माझा हात ओढला. लाज सरली म्हणून मी उठले असं कुणी समजू नये, कानापर्यंत पेटले होते. "मी त्यांची पेशंट होते," मी म्हणाले. "लहानपणी माझी शी कपड्यांत व्हायची. ते कुणाला कळू नये म्हणून त्या मला बाहेर ओळख देत नव्हत्या. आईनेच तसं मागितलं होतं. त्यांच्यात तोरा नव्हता." एवढं सांगून खाली बसले. सागरकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

 त्या आडदांड माणसाने रुमाल काढून तोंड पुसलं. दीर उभेच होते, त्यांनी फक्त हात जोडले. माझ्या डाव्या बाजूला सात-आठ वर्षांची एक मुलगी आपल्या आईला चिकटून बसली होती. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मांडीवरची कापडी पिशवी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिच्या आईने तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

परतताना सागरने गाडी गावाबाहेर काढली. मग म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर चाललं असतं." मी म्हणाले, "सांगता आलं नाही."  एरंडोलला चहासाठी थांबलो, आईच्या पेढ्यांच्या त्याच जुन्या दुकानासमोर.

दुकानात मांडवातली ती मुलगी होती. तिची आई पेढ्यांचा पुडा बांधून घेत होती. मुलीने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला, हात वर उठू लागला. तिच्या आईनेही मला पाहिलं आणि पैसे देणारा तिचा हात तसाच राहिला. सोबत दोन बायका होत्या, बहुधा गावच्याच. त्यातली एक विचारत होती, "कोन व त्या? वळखीच्या हाये का?"

मी त्यांच्या डोक्यावरून दुकानाची पाटी वाचली, आणि चहाच्या टपरीकडे निघून गेले.