अव्वाच्या समाधीवरून गेलेली लाईन

अव्वा, म्हणजे आमची आई, गेली तेव्हा आम्ही तिला रानातच ठेवली. आमच्यात दहन करत नाहीत, माती देतात. मुरगूडजवळच्या आमच्या रानात, विहिरीच्या वरच्या अंगाला, ऊस संपून बांध सुरू होतो तिथली जागा अप्पांनी दाखवली. भांगलणीच्या दिवसांत अव्वा दुपारी भाकरी सोडायला तिथंच बसायची. जंगमस्वामींनी विधी केले, विभूती लावली, बेलाची पानं टाकली आणि सगळ्यांनी मिळून माती लोटली. पुढं अप्पांनी त्यावर एक बुटका दगडी कट्टा बांधून घेतला. नाव कोरलं नाही. ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना ठाऊक आहे, म्हणाले.

माझं तेव्हा लग्न झालं होतं. कोल्हापुरात एका शाळेत मी शिकवत होते आणि सुट्टीच्या दिवशी एसटीनं गावी जात होते. घरी अप्पा, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. अव्वा गेल्यावर मला रडू आलं नव्हतं. बायका कुजबुजायच्या. मी पातेली घासत होते, पाणी भरत होते, आल्यागेल्याला चहा देत होते. नंतर कधीतरी येईल, असं मला वाटत होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका सकाळी तिकाटण्यावरची दुर्बीण घेऊन चार-पाच माणसं रानात शिरली. अप्पा पाणी पाजत होते. त्यांनी फावडं ठेवलं आणि विचारलं, "काय मोजताय पावणं?"

"इजेची लाईन जाणार हाय मामा. मोठी, जास्त दाबाची. लोखंडी टॉवर येणार."

अप्पांनी त्यांना घरून चहा मागवला. आमच्याकडं रानात आलेल्या माणसाला तसं पाठवत नाहीत. चहा पिऊन ती माणसं पुढच्या रानात गेली, तेव्हा मागं चुन्याच्या खुणा राहिल्या होत्या. त्यातली एक कट्ट्यावर होती.

पुढच्या खेपेला मी गेले तर अप्पा मला तिकडं घेऊन गेले. पांढरी फुली होती. पावसानं धुऊन जाईल, एवढंच माझ्या मनात आलं.

मग इंजिनिअर साहेब आले. सभ्य माणूस. हातात नकाशा धरून ते कट्ट्यावर चढले आणि चौफेर बघायला लागले. भाऊ म्हणाला, "साहेब, ती आमच्या आईची समाधी हाय." ते लगेच खाली उतरले. उतरल्यावर का कोण जाणे, पायातले बूट काढून बाजूला ठेवले आणि बाकीचं सगळं बोलणं मोज्यांवर उभं राहून केलं.

"सायेब, जरा सरकवा की," अप्पा म्हणाले.

"मामा, लाईन सरळ जाते. एक टॉवर बाजूला घेतला तर मागचे-पुढचे सगळे हलवावे लागतात. शेजाऱ्याच्या विहिरीवर जाईल."

"पर जमीन घ्यायची तर मला इचारायला पायजे का न्हाय?"

"जमीन घेत नाही आम्ही. सातबारा तुमच्याच नावावर राहणार. आम्ही फक्त टॉवर उभा करणार."

अप्पांना हे समजायला वेळ लागला. खरं तर मलाही. कालव्याला गेलेली जमीन गावानं बघितली होती, रस्त्याला गेलेली बघितली होती. तिथं जमीन जायची, म्हणजे ती गेली असं म्हणता यायचं. इथं काहीच जात नव्हतं.

भावानं कोल्हापुरात एक वकील गाठले. मीही बरोबर गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं. कायदा जुना, इंग्रजांच्या वेळचा, तारायंत्राच्या तारांसाठी केलेला. त्यातले अधिकार सरकार वीजवाल्यांना देऊ शकतं. असे अधिकार मिळाले की तारा न्यायला, खांब रोवायला मालकाची संमती लागत नाही. पिकाची, झाडांची नासधूस झाली तर भरपाई द्यावी लागते.

"मग आमचा हक्क काय?" भावानं विचारलं.

"तुम्ही अडवू शकता. अडवलंत की प्रकरण कलेक्टरांकडं जातं. ते ऐकून घेतात."

"आणि मग?"

"मग बहुतेक सांगतात, अडवू नका म्हणून. पण समाधी आहे, तेव्हा मागून बघू. थोडंफार मिळेल."

आम्ही अडवलं. म्हणजे खोदायला गडी आले तेव्हा अप्पा कट्ट्यावर जाऊन बसले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. गड्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि ते निघून गेले. नंतर सुनावणीचं बोलावणं आलं.

त्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा काढली. अप्पा इस्त्रीचं धोतर नेसून आले होते. काय बोलायचं ते त्यांनी एसटीत सगळा वेळ घोळवलं होतं. जमीन वडिलार्जित आहे, मी कधी कुणाच्या बांधाला हात लावला नाही, वगैरे. कलेक्टर कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही दुपारपर्यंत बसलो. आत गेलो तेव्हा समोरच्या साहेबांनी फायलीतून मान वर केली आणि विचारलं, "तुमची हरकत काय आहे?"

अप्पांना पाठ केलेलं एक अक्षर आठवलं नाही. ते म्हणाले, "तिथं माझी मंडळी हाय."

साहेबांनी वीजवाल्यांच्या माणसाकडं बघितलं. "वस्ती आहे का तिथं? किती माणसं राहतात?"

कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "आईची समाधी आहे साहेब. मंडळी म्हणजे आमची आई."

त्यांनी ते लिहून घेतलं. अजून काही सांगायचं आहे का, असं विचारलं. अप्पांनी मान हलवली. बाहेर आल्यावर आम्ही कचेरीसमोर चहा घेतला. चहा पिताना अप्पा म्हणाले, "मी काय बोललो गं आत?" मी सांगितलं. ते कप बशीवर ठेवून रस्त्याकडं बघत बसले.

हुकूम आला. लाईन होईल, समाधीला धक्का लागू नये म्हणून टॉवर शक्य तेवढा पुढं-मागं सरकवावा. वकील म्हणाले, चांगला हुकूम आहे. त्यांचं खरंच होतं. इंजिनिअर साहेबांनी तो पाळला. टॉवर लाईनच्याच रेषेत थोडा पुढं सरकवला, तेव्हा पायाचा खड्डा कट्ट्यावर येत होता तो चुकला आणि कट्टा चार पायांच्या बरोबर मधोमध आला.

खोदकामाच्या दिवशी मी तिथं होते. उसाचा तो तुकडा आधीच तोडला होता. काँक्रीट ओतताना गड्यांनी कट्ट्यावर ताडपत्री अंथरली, शिंतोडे उडू नयेत म्हणून. मला त्याचं बरं वाटायला हवं होतं. मी चहाची किटली घेऊन उभी होते आणि कुणाला साखर कमी लागते ते लक्षात ठेवत होते.

तारा ओढून झाल्या, वीज सुरू झाली. दमट दिवसांत टॉवरखाली एकसारखा गुंऽऽ असा आवाज यायचा. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा अप्पा बराच वेळ मान वर करून उभे राहिले. घरात ते अव्वाशी कानडीत बोलायचे, आमच्याशी मराठीत. त्या दिवशी ते खाली कट्ट्याकडं बघून म्हणाले, "इरली." असू दे, एवढाच त्याचा अर्थ.

नंतर त्याची सवय झाली. ऊस गेल्यावर त्या भागात पाला पेटवायचा नाही, हे कळलं. वर्षातून एखाददा माणसं न विचारता रानात शिरायची, टॉवर बघायची, तारांकडं वाढलेल्या फांद्या छाटायची. पहिल्या वर्षी भाऊ त्यांच्या अंगावर गेला. पुढं तोही त्यांना विहिरीचं पाणी काढून द्यायला लागला. अमावस्येला अप्पा टॉवरच्या पट्ट्यांखालून वाकून आत जायचे, कट्टा पाण्यानं धुवायचे, बेल वाहायचे आणि तसेच वाकून बाहेर यायचे.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली, तेव्हा अप्पांना छातीचं दुखणं लागलं. एकदा मी गावी असताना तपासणीची माणसं आली. त्यांच्यात एक तरुण इंजिनिअर होता. अप्पा काठी टेकत त्याच्याजवळ गेले.

"सायेब, माझं हितं करायचं हाय. कट्ट्याच्या शेजारी. चालंल न्हवं?"

"काय करायचंय आजोबा?"

"मला ठेवायचं हाय."

पोराला कळेना. मी बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो परत अप्पांजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "आजोबा, पायाच्या जवळ खोल खणता येत नाही. टॉवरला धोका होतो."

"जमीन माझी हाय."

"तुमचीच आहे. पण खणायचं नाही."

अप्पांनी मान डोलावली. रागावले नाहीत. त्याच संध्याकाळी मला घेऊन रानभर हिंडले आणि तारांपासून लांब, विहिरीच्या खालच्या अंगाला एका जागी उभे राहिले. "हितं," म्हणाले. "हितनं दिसतंय की."

दिसत होतं. टॉवर दिसत होता. कट्टा उसात झाकला होता.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर ते गेले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं, नवरा-बायको वेगळी का ठेवताय? भावानं टॉवरकडं बोट दाखवलं आणि कुणी पुढं विचारलं नाही. जंगमस्वामी तेच होते, आता म्हातारे झालेले. माती लोटायला मीही पुढं झाले. यावेळीही मला रडू आलं नाही, आणि नंतर येईल असंही वाटलं नाही. हात धुतले, आलेल्यांना जेवायला वाढलं.

सुतक आम्ही पाळत नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ कोयता घेऊन रानात गेला. उसाच्या दोन सऱ्या मोडून त्यानं अप्पांच्या खालच्या जागेपासून अव्वाच्या कट्ट्यापर्यंत पायवाट काढली. पायवाट काढायला खोल खणावं लागत नाही, त्यामुळं कुणाला विचारायचा प्रश्न आला नाही. दुपारच्या आत त्याचं काम झालं. मग आम्ही दोघं त्या वाटेनं एकदा जाऊन आलो.