मंच्युरियनचा नवस

आमच्या घरात मंच्युरियनचं वेड कुणाला? माझ्या लेकीला नाही, सासूबाईंना! मी त्यांना आत्या म्हणते. दिवस कलला की आत्या उंबऱ्यात बसून हळूच म्हणायच्या, "आज सैपाकाचा लय कट्टाळा आला असंल न्हाई तुला?" आता कंटाळा माझा आणि कळायचा त्यांना! मग काय, गाड्यावरून त्यांचं गोबी मंच्युरियन, लेकीला पिझ्झा आणि खोटं कशाला बोलू, मला शेवपुरी.

आमचे हे सैन्यात, जम्मूला. वर्ष उलटून गेलं तरी सुट्टी मिळाली नव्हती. एक दिवस फोन आला, "दोन महिन्यांनी आमची तुकडी वर बर्फात जाणार. तिथं कुणाला भेटायला येता येत नाही. त्याच्या आधी आईला घेऊन ये."

रेल्वेनं जायचं तर आत्यांची कंबर तेवढं सोसणार नव्हती. विमानानंच जायचं ठरलं. पण साठवलेले पैसे तिकिटांना पुरेनात. गेले कुठं म्हणून फोनमधला खर्च बघितला आणि माझं डोकंच सणकलं. गाडा, पिझ्झा, गाडा, परत गाडा!

"आवं आत्या, आपण विमान खाल्लं की!" मी ओरडलेच.

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून देवीच्या देवळात गेल्या आणि कपाळभर कुंकू लावून आल्या. "बोलून आले. पोराचं तोंड बघस्तवर मंच्युरियन खायाची न्हाई."

मला हसूच आवरेना. "देवीला मंच्युरियन काय कळतंय?"

"नीट समजावून सांगितलंय तिला. कोबीचं असतंय म्हणलं."

आजीनं सोडलं म्हटल्यावर नातीनं पिझ्झा सोडला. मग मी कुठं सुटते? शेवपुरी बंद! ज्या दिवशी खायची हुक्की यायची, त्या दिवशी तेवढे पैसे मी बाजूला टाकायचे आणि तव्यावर थालीपीठ लावायचे. लेकीला भाकरीवर कांदा, टोमॅटो आणि चीज घालून दिलं, तर बाईसाहेब म्हणाल्या, "रोज कर!"

जत्रेत मात्र कसोटी लागली. गाडा नेमका देवळासमोर! आत्यांनी नाकाला पदर लावला, नातीचा हात धरला आणि झपाझप पुढं गेल्या. "वास लय वाईट हाय गं त्येचा," म्हणाल्या आणि आवंढा गिळला.

आणि कमी पडत होते तेवढे पैसे जमले! तिकिटं निघाली तेव्हा मी अंगणात उड्या मारल्या. शेजारीण धावत आली, तिला वाटलं साप निघाला. आत्यांचं एकच, "खिडकी मिळंल का गं?"

मिळाली. पुण्यापासून त्यांनी खिडकीची काच सोडली नाही.

हे विमानतळाच्या दाराशीच उभे होते. वाळले होते. आत्यांनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला तो सोडेचनात. लेक बापाच्या पायाला मिठी मारून बसली आणि मी एका हातानं डोळे पुसत, दुसऱ्या हातानं बॅगा सांभाळत होते.

खोलीवर आल्यावर आत्या भाकरी-ठेच्याचा डबा उघडायला लागल्या. ह्यांनी थांबवलं. "आये, आधी ह्ये बघ काय आणलंय तुला." पुढ्यात ताटली ठेवली. मंच्युरियन! नवसाचं आम्ही त्यांना अवाक्षरही सांगितलं नव्हतं. लेक तर टाळ्या पिटायला लागली.

आत्यांनी एक गोळा उचलला आणि आधी लेकाच्या तोंडात घातला. मग स्वतः खाल्ला.

"कसं हाय?" ह्यांनी विचारलं.

"आपल्या गाड्यावरचं लय भारी असतंय," आत्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी चाललेलं, तोंड चालूच. ताटली पार पुसून खाल्ली त्यांनी. मग हात धुतले आणि खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडं बघून हात जोडले.

"काय गं आये?"

"काय न्हाई. तू खाली येस्तवर परत बंद."