डाव्या मुठीवरची पट्टी

नर्स गोड बोलली की पेशंट खूश होतो, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मी काही गोड बोलत नाही. परभणीत नोकरीला इतकी वर्षं झाली, तोंड फटकळ ते फटकळच राहिलं. तरी माझ्या वॉर्डातून कुणी रुसून घरी गेलं नाही. एक आजी मात्र निघाल्याच होत्या.

बोरीकडच्या होत्या. आतडं अडकून पोट फुगलेलं. आजच्या आज ऑपरेशन झालं नाही तर वाचणार नाहीत, असं सर्जननी मुलाला स्पष्ट सांगितलं होतं. ऑपरेशनआधी अंगावरचं सगळं काढावं लागतं. आजींनी बांगड्या दिल्या, कानातलं दिलं, पण गळ्यातली चांदीची डबी गच्च धरून ठेवली. डबीत इष्टलिंग, लिंगायतांचा गळ्यातला देव. लहानपणापासून ते अंगावेगळं झालं नव्हतं.

"जीव गेला तर जाऊ द्या. आमी घरी जायलाव."

मुलगा रडकुंडीला आला. "सिस्टर, तुमीच सांगा. माय ऐकंना."

मला रागच आला. "देवाला घेऊन मरायला निघालात होय? त्याला तरी विचारलं का?"

आजींनी डोळे वटारले. मग मी स्टूल ओढून जवळ बसले. "पूजेला कुठं धरता?"

"डाव्या तळहातावर."

"मग आजही तिथंच धरा."

सर्जनना विचारलं. ते म्हणाले, डबी नको, आतलं चालेल. सलाईन उजव्या हाताला लावा. डबी मुलाकडं गेली. आजींनी लिंग स्वतःच कापडात गुंडाळून तळहातावर घेतलं, मूठ मिटली. मी वरून पट्टी बांधली.

"सुटंल का गं?"

"मी बांधलेलं सुटत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. चला आता."

बधिर करायचं इंजेक्शन कमरेत दिलेलं, त्यामुळं आजी जाग्याच होत्या. पडद्यापलीकडं ऑपरेशन चाललेलं, अलीकडं त्यांचे ओठ हलत होते. मध्येच घाबरून माझ्याकडं बघायच्या. मी मुठीवर हात ठेवायचे.

आजींना घरी सोडायच्या दिवशी मेट्रन राउंडला आल्या. "सेवा कशी वाटली, आजी?"

"पोट कुणी शिवलं मला ठावं न्हाई. मूठ हिनं बांधली," आजी म्हणाल्या. "तोंडाची लय तिखट हाय. पण परत काई झालं तर मला हिच्याच हवाली करा."

"परत यायचं नाही इथं," मी दरडावलं, आणि डोळ्याला बाही लावली.