भोपळ्याचा पहिला घाव

आमच्या ट्रुगानिना उपनगरातल्या गल्लीत हॅलोविनचा एकच नियम आहे: दारात कोरलेला भोपळा दिसला, तरच मुलं बेल वाजवतात. गेल्या वर्षी आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. लेक वाटीभर चॉकलेटं मांडीवर घेऊन दाराशी बसून राहिली. म्हणून यंदा मी भोपळा आणला. आणला, आणि ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले.

अख्खा भोपळा बाईने कापायचा नाही. तो थोरल्या मुलासारखा. पहिला घाव पुरुषाने घालायचा, नाहीतर घरच्या पुरुषाला बाधतं. नववीत शाळा सोडली तेव्हा भूमिती तिथेच राहिली, हे मात्र डोक्यात घट्ट बसून ऑस्ट्रेलियापर्यंत आलं.

नवऱ्याला शिफ्टवर फोन लावला.

"अगं, काप की!"

"आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"मला भोपळा काय करणारे?"

धीर होईना. मी लिफ्टलाही घाबरते.

"मॉम, दे आर कमिंग सून!" लेक रडवेली झाली. शेवटी भोपळा कडेवर घेऊन शेजारच्या आयरिश आजोबांकडे गेले. घाबरले की माझं इंग्रजी आणखी आखूड होतं. "वुमन नो कट. ही इज लाइक बिग सन."

आजोबांनी भोपळ्याला नीट न्याहाळलं. "सॉरी, मेट," असं त्यालाच म्हणाले आणि सुरी खुपसली. या देशात असे हात देणारे मला कुठून कुठून भेटतात, देव जाणे.

कोरता कोरता ते सांगत होते. त्यांच्या लहानपणी भोपळे नव्हते, सलगम कोरायचे. हात सोलून निघायचे. तिकडे ही हिवाळ्याच्या तोंडाची रात्र. मेलेली माणसं त्या रात्री फिरतात म्हणे. भटक्या आत्म्यांनी लांब राहावं म्हणून दिवा, आणि आपल्या माणसांसाठी टेबलावर पाव.

मी इतकी वर्षं याला चॉकलेट खपवायची युक्ती समजत होते. हा तर यांचा पितृपंधरवडा! मी आतला गर मागून घेतला आणि घरी येऊन घाईघाईने घारगे तळले.

इथे मात्र वसंत. संध्याकाळी लख्ख ऊन, भोपळ्यातली मेणबत्ती वाकल्याशिवाय दिसेना. ती विझली तर नाही ना, म्हणून मी सारखी बाहेर.

"मॉम, यू आर स्केअरिंग देम!"

मग बेल वाजली. दारात एक सांगाडा आणि दोन चेटकिणी. लेकीने वाटी पुढे केली, आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "या, आत या, बसा. गरम घारगे आहेत."

लेकीने कपाळाला हात लावला. सांगाड्याने मात्र मुकाट्याने उंबऱ्याबाहेर बूट काढले.